वस्तीकडे जाणारा रस्ता

"तू आभार मान. तुमच्या लोकायला ते बराबर जमतं."

हे मला म्हणणारा माणूस आमच्या शाळेचा हेडमास्तर होता. मी आठवीत होते. शाळेच्या मैदानात मांडव घातलेला. मांडवात नव्या कोऱ्या सायकली एका ओळीत, आणि प्रत्येक सायकलीमागं एकेक पोरगी. लांबून पायी शाळेत येणाऱ्या मुलींना सरकारनं सायकली दिल्या होत्या. दांडीवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. आम्हाला ताकीद होती, हँडलला हात लावून उभं राहायचं, बसायचं नाही. फोटो झाल्याशिवाय सायकल तुमची नाही.

पाहुणे म्हणून आमच्या गावचे आबा आले होते. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची मोसंबीची बाग. बागेच्या पुढं नाला. नाल्याच्या पल्याड आमची बौद्धांची वस्ती. आबा तेव्हा कुठल्याही पदावर नव्हते. पण गावात काही द्यायचं असलं की ते आबाच्याच हातानं द्यायचं, अशी पद्धत होती. वस्तू कोणाचीही असो.

हेडमास्तरनं वहीचं एक फाडलेलं पान माझ्या हातात दिलं. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं. 'आम्हा गोरगरिबांच्या लेकींवर आबांनी जे उपकार केले, ते आम्ही जन्मभर विसरणार नाही.' मी ते वाचलं. चांगलं वाचलं. माझं वाचन पहिल्यापासून स्वच्छ. थांबायचं तिथं थांबले, वर बघायचं तिथं वर बघितलं. टाळ्या पडल्या. आबांनी खुर्चीतूनच मान वळवून विचारलं,

"कुणाची हाय रे ही?"

"खालच्या वस्तीतली, आबा. हिची माय तुमच्याच बागेत निंदायला असती."

"मंग बराबर हाय. आपल्याच घरचं खाती, म्हणून आवाज गोड हाय."

सगळे हसले. मीही हसले.

मला शिसारी येते ती त्या हसण्याची. आबाच्या नाही. माझ्या.

कारण मला त्या दिवशी वाटलं होतं की मी जिंकले. एवढ्या पोरींतून माईकवर मला बोलावलं. सायकल हातात धरून मी पळत घरी गेले आणि मायला सांगितलं, मी आभार मानले. मायनं शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं, माझ्या लेकीनं आभार मानले. आमच्या वस्तीत कोणाला काय माहीत की कार्यक्रमात सगळ्यात शेवटची जागा ही सगळ्यात खालची जागा असते? आम्हाला तो मान वाटला. आमच्यासारख्यांनाच तो मान वाटू शकतो.

मग ते कायमचंच झालं. गावात काहीही झालं की वस्तीत निरोप यायचा, पोरीला पाठवा, आभार मानायचेत. प्रास्ताविक हेडमास्तरचं, मार्गदर्शन तालुक्याहून आलेल्या कोणाचं तरी, अध्यक्षीय भाषण आबाचं. आणि आभार माझे. माझी पाळी येईपर्यंत अर्धा मांडव उठलेला असायचा. माईकवाला वायर गुंडाळत असायचा. पाहुण्यांना चहाची आठवण झालेली असायची. अशा वेळी मी उभी राहून म्हणायचे, 'सर्वप्रथम मी आभार मानते...'

पाण्याच्या टाकीचे आभार मानले. नळ नाल्याच्या अल्याडच थांबले. रस्त्यावरच्या दिव्यांचे आभार मानले. शेवटचा खांब आबाच्या आखाड्यावर रोवला गेला. आखाडा म्हणजे शेतातलं घर, तिथं रात्री बैल असतात. बैलांना उजेड, आम्हाला अंधार. आणि आभार आमच्याकडून. गावात मला नाव पडलं, आभारवाली. मला ते नाव आवडायचं. सांगायला लाज वाटते, पण आवडायचं.

मी जालन्याला कॉलेज केलं. बाप तिथंच सळईच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करायचा, पंधरा दिवसांनी गावी यायचा. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वस्तीतली पहिली पदवीधर पोरगी. हे मी मान खाली घालून सांगत नाही. बीए केलं, राज्यशास्त्र घेऊन केलं, मराठीच्या पेपरात कॉलेजात पहिली आले.

कॉलेजच्या ऑफिसात दोन खिडक्या होत्या. एक फी भरणाऱ्यांची, सावलीत. दुसरी स्कॉलरशिपवाल्यांची, बाहेर उन्हात. खिडकीतला क्लार्क फॉर्म घ्यायच्या आधी म्हणायचा, "फुकटवाले, लाईन सरळ करा." तीन वर्षं मी ती लाईन सरळ केली. त्याच तीन वर्षांत मी वाचायला शिकले. म्हणजे अक्षरं नव्हे, ती येतच होती. शासन निर्णय वाचायला शिकले. 'सदर', 'उपरोक्त', 'अनुज्ञेय', 'विहित नमुन्यात'. पोरी हसायच्या, ही काय सरकारी पोथी वाचते म्हणून. पण त्या कागदांत मला असं काहीतरी दिसलं की मी हादरले. ज्याचे ज्याचे मी आजवर आभार मानले होते, ते सगळं आधीच माझ्या नावानं लिहून ठेवलेलं होतं. कोणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून, नीट विचार करून लिहिलं होतं. अमुक एवढं मुलींसाठी. अमुक एवढं अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी, आणि ते वस्तीतच खर्च व्हावं, दुसरीकडं नाही. आबाच्या खिशातून एक कण आलेला नव्हता. तो फक्त फोटोत मधे उभा होता.

माझं धोरणाशी भांडण नाही, हे मी स्वच्छ सांगते. समतेची धोरणं फसली म्हणणाऱ्या शहाण्यांचा मला कंटाळा येतो. धोरण मुंबईहून निघतं तेव्हा धडधाकट असतं. जालन्यापर्यंत येतं, तालुक्यापर्यंत येतं, आमच्या गावच्या वेशीपर्यंतसुद्धा येतं. वेशीपासून आमच्या दारापर्यंत जे अंतर आहे ना, तिथं त्याचे पाय मोडतात. आणि पाय मोडणारे हात मी बघितलेत. त्यातले दोन हात माझे आहेत.

ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

कॉलेज झालं आणि गावच्या ग्रामपंचायतीत मला संगणकावरचं काम मिळालं. कंत्राटी, एका खाजगी कंपनीमार्फत. दाखले काढायचे, माहिती भरायची, ठराव आणि प्रस्ताव टाइप करायचे. तोवर सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं होतं. आबाची बायको सरपंच झाली. बोर्डावर नाव काकूंचं, खुर्चीत आबा. सहीपुरत्या काकू घरून बोलावल्या जायच्या. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब बोट ठेवायचे, काकू त्या बोटाच्या खाली सही करायच्या, पदर सावरायच्या आणि घरी जायच्या. मी समोर बसून बघायचे. मला खुर्ची मिळाली होती. फिरणारी खुर्ची. आणि मला ती आवडली होती.

एक दिवस ग्रामसभा भरली. वस्तीची माणसं नेहमीसारखी चपलांजवळ पायऱ्यांवर बसली होती. सभेत आमची माणसं कधी बोलत नसत. त्या दिवशी माझी माय उभी राहिली. बागेतून थेट आली होती, कमरेला विळा तसाच.

"म्या एक बोलू का?"

"बोल की," आबा म्हणाले. "कोण न्हाई म्हणलं?"

"आमच्या वस्तीत रस्ता पाह्यजे. अन् नाल्यावर पूल. पावसाळ्यात नाला कमरेइतका वाह्यतो. लेकरं शाळंत जात न्हाईत. बाळंतीण बाईला खाटंवर घालून चार गडी नाल्यातून नेतेत. आमी माणसंच हाव ना?"

"ल्हिवून घ्या, भाऊसाहेब," आबा एकदम राजी होऊन म्हणाले. "ह्या बाईची मागणी बिलकुल रास्त हाय. वस्तीच्या निधीतून करून टाकू."

आबा एवढ्या सहज राजी झाले तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. आबाच्या मोसंबीच्या पिकअप गाड्या दर हंगामात बागेच्या वाटेवर चिखलात रुतायच्या. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला नव्हतं का? होतं. पण माझी माय सभेत बोलली, तिचं ऐकलं गेलं, प्रस्ताव मी टाइप करणार, या आनंदात मी होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब माझ्यामागं उभं राहून सांगायला लागले. "लिही. विषय. अनुसूचित जाती वस्तीकडे जाणारा सिमेंट रस्ता करणे."

मी बोटं थांबवली. "भाऊसाहेब, माय 'वस्तीत' म्हणाली होती."

"अगं, तू बीए झालेली ना? मराठीत पहिली आल्ती म्हणे. रस्ता कुठं जातो? वस्तीकडंच ना? कागदावर असंच ल्हितात. तुझी माय बोलली ती बोलीभाषा झाली."

"आणि पूल?"

"पूल त्यातच आला की! नाला ओलांडल्याबगर रस्ता वस्तीकडं जाईल कसा? तूच सांग."

मी टाइप केलं. 'वस्तीकडे जाणारा.' शुद्ध. एकही चूक नाही.

मला भाऊसाहेबांचं पटलं, असं मी आज म्हणू शकते, पण ते खोटं होईल. मला बरं वाटलं. ते मला माझ्या मायपेक्षा वेगळं धरत होते. तिची बोली, माझी भाषा. शाळेत शिकल्यावर आपण आपल्या आईचं बोलणं सुधारायला लागतो, हे आमच्यातल्या शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कोणी बोलत नाही. मी मायचा शब्द सुधारला आणि तिचा रस्ता खाल्ला.

काम मंजूर झालं. हिवाळ्यात मिक्सर आला, खडी आली. माय रोज बागेत निंदता निंदता बघायची, रस्ता कुठवर आला. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, तुझी पोरगी पंचायतीत हाय म्हणून झालं बरं का. रस्ता वेशीतून निघाला, बागेच्या कडेनं आला, आबाच्या बागेच्या लोखंडी गेटपाशी पोचला, आणि थांबला. मिक्सर धुतला. मजूर गेले. गेटपासून पुढं नाल्यापर्यंत तीच काळी चिकणमाती. नाला तसाच.

माय संध्याकाळी घरी आली. पाय न धुता माझ्यासमोर उभी राहिली.

"पोरी, रस्ता तिथंच का थांबला गं?"

"विचारते उद्या."

"म्या 'वस्तीत' म्हणले व्हते. सगळ्यायनं ऐकलं. ल्हिलं कुणी?"

माझी माय एक अक्षर वाचू शकत नाही. पण 'वस्तीत' आणि 'वस्तीकडे' यांत काय फरक आहे, हे तिला रस्ता बघून कळलं होतं. मला कॉलेजात पहिली येऊन कळलं नव्हतं.

"म्या ल्हिलं," मी म्हणाले.

ती ओरडली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं," आणि भाकरी टाकायला बसली. हेडमास्तरनं, आबानं, उन्हातल्या त्या खिडकीनं जे केलं नाही ते त्या एका 'बरं'नं केलं. मी आतून सोलून निघाले.

सकाळी ऑफिसात जाऊन मी फाइल काढली. मंजुरीचा आदेश शब्दाशब्दानं वाचला. प्रस्तावात जे होतं तेच आदेशात. 'वस्तीकडे.' पूल कुठंच नाही. भाऊसाहेबांना विचारलं. ते चहा पीत होते.

"काम मंजुरीपरमाणं झालंय. आता वर्षा-दोन वर्षानं पुढचा टप्पा टाकू. तू कशाला टेन्शन घेऊन राह्यली? उद्घाटनाची तयारी कर. पंचायत समितीचे साहेब येणार हायत."

आणि त्यांनी मला निमंत्रणपत्रिका दिली, व्हॉट्सॅपवर टाकायला. उद्घाटक, गटविकास अधिकारी साहेब, नावासकट, पदव्यांसकट. अध्यक्ष, आबा. प्रमुख उपस्थिती म्हणून वीस-बावीस नावं, सगळ्यांना श्री. लावलेलं. काकूंचं नाव त्यांच्या नवऱ्याच्या खाली, बारीक अक्षरात, आणि काकू सरपंच. सगळ्यात तळाला एक ओळ. 'आभार : वस्तीतील विद्यार्थिनी.'

नाव नाही. बीए नाही. ऑफिसात रोज त्यांच्या समोर बसते, तरी नाव नाही. मी शिकून पुरी झाले तरी त्यांच्या कागदावर मी विद्यार्थिनीच. मी मेले तरी राहीन.

कार्यक्रम गेटसमोरच होता. मांडव नव्या सिमेंटवर. नारळ फुटला, फीत कापली. साहेबांनी भाषणात समता हा शब्द इतक्यांदा वापरला की त्यांनाच तहान लागली, मधेच पाणी प्यायले. शेवटच्या घटकापर्यंत विकास पोचला पाहिजे, म्हणाले. शेवटचे घटक मांडवाच्या मागं, बागेच्या पाण्यानं झालेल्या चिखलात उभे होते. माय पण होती. वस्तीला मुद्दाम बोलावलं होतं. लाभार्थी फोटोत लागतात.

हेडमास्तर सूत्रसंचालन करत होता. हाच तो. निवृत्त झाला तरी माईक सोडलेला नाही. "आणि आता आपली आभारवाली!" तो म्हणाला. खुर्च्या सरकायला लागल्या. लोक उठायला लागले.

भाऊसाहेबांनी दिलेला कागद मी घडी घालून टेबलावर ठेवला.

"मी आभार मानणार नाही," मी म्हणाले.

उठलेले लोक तिथंच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण कोणीतरी उभं राहून ऐकत होतं.

"हा रस्ता आमच्या वस्तीच्या नावानं मंजूर झाला, आणि आबाच्या गेटपाशी संपला. इथून नाल्यापर्यंत मी चालून पाहिलं, चाळीस पावलं आहेत. नाल्याच्या पल्याड माझं घर आहे. साहेब, तुम्ही ज्या रस्त्याचं उद्घाटन केलं, त्या रस्त्यानं माझ्या घरी चहाला चला."

साहेबांनी आपल्या बुटांकडं बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना. मागून वस्तीतली एक बाई फिसकन हसली.

"माईक बंद कर रे!" आबा ओरडले. माईकवाल्याला काय करावं सुचेना. साहेब मोठे सभ्य. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि मऊ आवाजात बोलले, "हे बघ बाळा, तांत्रिकदृष्ट्या काम मंजुरीप्रमाणेच आहे. प्रस्तावातच 'वस्तीकडे' असा शब्द आहे. आणि प्रस्ताव तुमच्या ग्रामपंचायतीचा आहे."

"टाइप हिनंच केलाय, साहेब," भाऊसाहेब मागून म्हणाले.

मांडवात हशा पिकला. असा हशा की आबांनी मांडीवर थाप मारली.

मी माईकशिवाय बोलले. माझा आवाज पोचतो.

"हो. म्याच केलाय. माझी चूक हाय, अन् ती मी हितं सगळ्यायसमोर कबूल करते. माझ्या मायनं 'वस्तीत' म्हणलं. भाऊसाहेबांनी 'कडं' सांगितलं. म्या शहाणी, म्या 'कडे' टाइप केलं. पण साहेब, तुमचं ताट वाढून तुमच्याकडं आणलं अन् तुमच्यापासून चार हातांवर ठिवलं, तर तुमी जेवले असं ल्हियाचं का? तांत्रिकदृष्ट्या?"

कोणी हसलं नाही. साहेबांना फोन आला. म्हणजे त्यांनी फोन कानाला लावला.

आबा उठून माझ्यापाशी आले. "सायकल दिली तवाच चुकलं," ते म्हणाले. "पायी हिंडली असतीस तर पाय जमिनीवर राह्यले असते."

"सायकल तुमी दिली न्हाई, आबा. तुमी तिच्याजवळ नुसते उभे व्हते."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल काही नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको, कंपनीचा निरोप आहे. कंपनीचा निरोप सकाळी दहाच्या आत आला, एवढी चपळ कंपनी मी पाहिली नाही. मायला बागेतून काढलं. ती आता वस्तीतल्या बायांबरोबर जीपमध्ये बसून कुंभार पिंपळगावच्या बाजूला कापूस वेचायला जाते. बापानं कारखान्यातून फोन केला. मला वाटलं रागवेल. म्हणाला, "आवाज फाटला व्हता का गं तुजा?" मी म्हणाले, नाही. म्हणाला, "मंग ठीक हाय."

एक गोष्ट मात्र नवलाची झाली. मांडव रिकामा होत होता तेव्हा सरपंच काकू माझ्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत, नुसत्या हळू झाल्या. पदराआडून म्हणाल्या, "त्या परस्तावावर सही माझी हाय. म्या बी वाचला नव्हता."

लोक म्हणतील, बाईमाणूस, बिचारी, तिचा काय दोष. मी तसं म्हणणार नाही. मी स्वतःला बिचारी म्हणत नाही, तर त्यांना का म्हणू? त्यांची खुर्चीसुद्धा धोरणानंच दिली होती, माझ्या सायकलीसारखी. आणि त्यांनीही ती नवऱ्याला बसायला दिली. मी एवढंच म्हणाले, "काकू, मंग आता वाचत जा."

त्या पदर सावरून पुढं गेल्या.

आता मुख्य गोष्ट. वस्तीच्या निधीतलं काम पुरं झालं की शेवटचा एक कागद लागतो. वस्तीतल्या पाच रहिवाशांच्या सह्या किंवा अंगठे. वर ठरलेली ओळ, 'सदर काम समाधानकारक झाले असून आमची कोणतीही तक्रार नाही.' तो कागद लागल्याशिवाय फाइल बंद होत नाही. मागच्या कामांना हा कागद घेऊन वस्तीत मीच फिरले होते. शाईचा डबा माझ्याच पिशवीत असायचा. म्हाताऱ्या बायांचे अंगठे मी माझ्या हातानं धरून टेकवलेत. "कशाचा हाय गं?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "काही न्हाई आत्या, पंचायतीचं." दिव्याच्या खांबांचा रखडलेला कागदही मी असाच भरला होता. आत्या अंधारात बसून समाधानकारक झाल्या होत्या.

या वेळी कागद घेऊन फिरायला माणूस नव्हता.

आठवडाभर वाट बघून भाऊसाहेब स्वतः आले. तेवढ्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. नाल्याला गुडघाभर पाणी. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. गाडी गेटपाशी, सिमेंट संपतं तिथं लावली. बूट काढले, मोजे बुटात कोंबले, पँट वर दुमडली, फाइल डोक्याच्या वर धरली आणि पाण्यात उतरले. इतकी वर्षं आमच्या गावचे ग्रामसेवक, आणि आमच्या वस्तीत पहिल्यांदा. पाय घसरला तेव्हा "आयला!" म्हणाले. आमची लेकरं टाळ्या पिटत होती.

ओट्यावर टेकले. मायनं पाणी दिलं. ते प्यायले, हेही सांगते. गरज असली की सगळे पितात.

"हे बघ," मला म्हणाले, "झालं गेलं सोडून दे. तू हुशार पोरगी हायस. तुझ्या कामाचं मी कंपनीशी बोलतो. येत्या महिन्यापासून परत ये. मायला बी बागेत घेतील. आबाचा शब्द हाय. फकस्त ह्या पाच सह्या. नाहीतर फाइल अडकती, अन् फाइल अडकली तर पुढचा टप्पा बी अडकतो. म्हणजे तुमचाच पूल अडकतो. बघ, नुकसान कुणाचं?"

वाक्य कसं वळवतात बघा. आमच्या सह्या नसतील तर आमचा पूल अडणार. आजवर आम्ही सह्या देतच आलो, तरी पूल का झाला नाही, हे विचारायचं नाही.

वस्तीतली दहा-पंधरा माणसं जमली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. नोकरी मला पाहिजे होती. खोटं कशाला बोलू? मायच्या पाठीला रोजच्या जीपचे हादरे सोसत नाहीत. मी कागद हातात घेतला.

आणि मोठ्यानं वाचला. पहिल्या शब्दापासून. 'सदर' म्हणजे हे, 'समाधानकारक' म्हणजे आमचं मन भरलं, 'कोणतीही तक्रार नाही' म्हणजे आजच्यानंतर तोंड उघडायचं नाही. एकेक शब्द फोडून सांगितला. आजवर इतके कागद मी या लोकांपुढं धरले, वाचून एकही दाखवला नव्हता.

"मंग?" भाऊसाहेब म्हणाले. "कोण सही करतंय?"

एका आत्यानं आपला अंगठा लुगड्याच्या ओच्यात खुपसला, जणू तो कोणी ओढून नेईल.

"माझ्या लेकीला कामावर घ्या न्हाईतर नका घेऊ," माय म्हणाली. "माझं मन भरलं न्हाई. मंग म्या भरलं म्हणून कसं ल्हिवू देऊ?"

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "तू तरी समजूतदार हो."

मी समजूतदार होते. वीस वर्षं समजूतदारच होते.

"सही नाही," मी म्हणाले. "ग्रामसभा बोलवा. नवा ठराव घ्या. त्यात 'वस्तीत' लिहा, आणि 'नाल्यावर पूल' वेगळं लिहा. इतिवृत्त सभेतच वाचून दाखवा. तोवर ही फाइल उघडीच राहील."

"फाइल उघडी राह्यली तर वरून चौकशी लागती!"

"लागू द्या."

ते उठले. ओल्या पायांनी बुटांत पाय घालायचा प्रयत्न केला, गेले नाहीत. बूट हातात धरून परत नाल्यात उतरले. कोणी हात दिला नाही. मीही दिला नाही.

मला माहीत आहे, ते परत येतील. गोड बोलतील, मग धमकावतील. वस्तीतल्या एखाद्या गरजवंताला एकटं गाठून अंगठा घेतील, हीही शक्यता मला वाटते. म्हणून मी अर्ज करून पूर्ण फाइलची नक्कल मागितली आहे, आणि तालुक्याला, जिल्ह्याला लेखी कळवलं आहे की या कामाच्या पूर्णत्वाच्या कागदावर वस्तीतल्या कोणाचीही सही आली, तर ती माझ्यासमोर तपासावी. आणि रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी बायांना शिकवते. अ आ इ नाही. तेवढा वेळ नाही. मी त्यांना 'सदर' शिकवते, 'समाधानकारक' शिकवते, 'कडे' शिकवते. पंचायतीच्या कागदावर हे शब्द कुठं दडून बसतात ते बोटानं दाखवते.

पुढच्या पावसाळ्यात नाला पुन्हा कमरेइतका वाहील. आम्ही त्रास सोसू, तो आम्हाला नवा नाही. पण झाला नाही तो रस्ता झाला म्हणून आम्ही सांगणार नाही. पूल बांधला जाईल तेव्हा जाईल. आधी माझी माय त्यावरून चालत जाईल, परत येईल, आणि सांगेल बरा आहे का. मग मी कागद घेईन, प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचीन, आणि त्यात एक शब्द जरी वाकडा सापडला, तर सही न करता तो कागद ज्यानं आणला त्याच्या हातात परत ठेवीन. तो कितीही मोठा साहेब असो. कितीही वेळा येवो.